स्केटबोर्डाच्या ट्रकची पारख

‘ट्रक’ हा शब्द कानी पडताच वाचकांच्या डोळ्यांपुढे हमरस्त्यावरून धूळ उडवीत जाणारी मालमोटार उभी राहील. आम्ही ज्या ट्रकविषयी येथे लिहिणार आहोत, तो ओंजळीत मावेल एवढा असतो. त्याचे वजन साधारणतः तीनशे ते चारशे ग्रॅम भरते. आणि त्याच्यावर धान्याची पोती नव्हे, तर आपली मुले स्वार होत असतात. स्केटबोर्डाच्या फळीखाली पुढे एक आणि मागे एक असे जे दोन धातूचे सांगाडे चार-चार बोल्टांनी आवळलेले असतात व ज्यांच्या आसांवर चाके फिरतात, त्यांना ट्रक म्हणतात. फळी सर्वांस दिसते. तिच्यावरचे रंगीत चित्र तर दुकानाच्या बाहेरूनही दिसते. ट्रक मात्र बोर्ड पालथा केल्यावाचून दृष्टीस पडत नाही. आमच्या मते आजच्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

हा विषय शाळेच्या वार्षिक अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास कारण घडले, ते असे. गेल्या दिवाळीत नववीतील एका विद्यार्थिनीस भाऊबीजेसाठी आलेल्या मामाने स्केटबोर्ड भेट दिला. फळीवर झेप घेणारा वाघ रंगविलेला होता. सुटी संपल्यानंतर शाळेच्या मागील पटांगणात वळण घेत असता पुढच्या ट्रकची बैठक अकस्मात दुभंगली, मुलगी पडली आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. पाच आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. तिसऱ्या दिवशी तिचे आजोबा तो बोर्ड कापडी पिशवीत घालून आमच्याकडे आले. “सर, हे खूळ शाळेने बंद करावे, एवढेच सांगायला आलो आहे,” असे ते म्हणाले. शाळेनेही पटांगणात स्केटबोर्ड आणण्यास तूर्त मनाई केली. त्या प्रसंगी दुसरे काही सुचण्याजोगे नव्हते.

आजोबांनी रेल्वेच्या कारखान्यात तेहतीस वर्षे फिटरचे काम केलेले. बोलता बोलता त्यांनी तो मोडका ट्रक पिशवीतून काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. चष्मा कपाळावर सरकवून ते मोडलेल्या कडेकडे बराच वेळ पाहत राहिले. “ओतताना आत हवा राहिली आहे,” ते म्हणाले. “हे बघा, पावासारखे झाले आहे. असला तुकडा आमच्याकडे कोणी पुढे सरकवला असता, तर फोरमनने त्याला उभा-आडवा घेतला असता.” मग थोडे थांबून, काहीशा ओशाळल्या स्वरात त्यांनी पुढे म्हटले, “म्हणजे पोरीची चूक नव्हती तर.”

वाचकहो, तीन दिवस त्या मुलीने घरातील प्रत्येकाकडून ‘तरी सांगत होतो’ हे ऐकून घेतले होते. खेळ दोषी ठरला, मुलगी दोषी ठरली, मामाही दोषी ठरला. खरा अपराधी मात्र पिशवीत स्वस्थ पडून होता. तेव्हापासून ह्या विषयाचा आम्ही बराच विचार केला, चार ठिकाणी वाचले, प्रत्यक्ष प्रयोगही केले; आणि आमचे जे मत बनले ते येथे मांडीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ट्रकची पारख ही एक नसून दोन आहेत. पहिली घडणीची आणि दुसरी चालीची. घडण म्हणजे धातू, ओतकाम, आटे, सांधे. ही टेबलावर ठेवून डोळ्यांनी व हातांनी तपासता येते, आणि ती सर्वांसाठी सारखीच असते. चाल म्हणजे तो ट्रक पायांखाली कसा वळतो, कसा सावरतो, कितपत भरवसा देतो; ही वर उभे राहिल्यावाचून कळत नाही, आणि ती स्वारागणिक निराळी असते. पहिल्या पारखीत वडीलधाऱ्यांचा अनुभव श्रेष्ठ. दुसरीत त्या बोर्डावर चढणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा शब्द प्रमाण. आपण नेमके उलटे करतो. घडण पाहण्याचे काम मुलांवर सोडतो, आणि ती चित्र पाहून निवडतात. चालीचा निर्णय मात्र आपण खुर्चीत बसून देतो.

ही दोन कामे कशी करावी हे सांगण्यापूर्वी ट्रकची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. फळीला जी टेकून असते ती बैठक. तिच्यातून तिरपा बाहेर आलेला जाड बोल्ट म्हणजे किंगपिन. किंगपिनवर ओवलेला आणि आस पोटात घेऊन बसलेला जो आडवा भाग, तो हँगर. हँगरच्या वर आणि खाली किंगपिनवरच पॉलियुरेथेनच्या दोन जाड कड्या असतात. त्यांना बुश म्हणतात. हँगरचे एक टोक बैठकीतील लहानशा वाटीत टेकलेले असते. स्वार उजवीकडे कलला की बुश एका अंगाने दाबले जातात, हँगर वाटीच्या आधाराने तिरपा फिरतो, आणि पुढचा आस उजवीकडे तर मागचा आस डावीकडे वळतो. भूमितीच्या विद्यार्थ्यांनी ह्या दोन आसांच्या रेषा कागदावर काढून उजव्या बाजूस वाढवून पाहाव्या. त्या एका बिंदूत मिळतात. तोच त्या वळणाच्या वर्तुळाचा मध्य. स्वार सरळ झाला की दाबलेले बुश हँगरला पुन्हा जागेवर आणतात. बैलगाडीचा आस गाडीला जखडलेला असतो, कारण वळणे हे बैलांचे काम. स्केटबोर्डाला बैल नाहीत. त्याचे वळणे सर्वस्वी ट्रकवर अवलंबून.

नेहमीच्या ट्रकमध्ये किंगपिन फळीच्या मध्याकडे तोंड करून असतो. तो चुकून टोकाकडे तोंड करून बसविला, तर उजवीकडे कलताच बोर्ड डावीकडे धावू लागतो. हा प्रयोग बोर्ड हातांनी दाबून करावा, वर उभे राहून नव्हे.

ही युक्ती स्केटबोर्डाहून पुष्कळ जुनी आहे. शरीर कलताच वळणारे, रबरी उशीवर टेकलेले आस चार चाकांच्या स्केटला बसविण्याचे पेटंट न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिंप्टन ह्यांनी १८६३ साली घेतले. पुढे १९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील मुलांनी जुने स्केट मोडून त्यांचे तुकडे फळ्यांखाली ठोकले, आणि हा खेळ जन्मास आला. चाके कडक होती. लहानसा खडा आड आला तरी ती अडत आणि स्वार तोंडावर पडे. १९६५ च्या सुमारास अपघातांच्या धास्तीने तेथील अनेक शहरांनी ह्या खेळावर निर्बंध घातले आणि तो जवळजवळ मावळला. १९७२ च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी ह्यांनी पॉलियुरेथेनची चाके आणली. ती जमिनीस धरून राहत. खेळाला पुन्हा जीव आला. परंतु चाके सुधारली तरी ट्रक अजून रोलर स्केटचेच होते, अरुंद आणि नाजूक. खास स्केटबोर्डासाठी रुंद व भक्कम ट्रक घडविणारे कारखाने त्यानंतर निघाले. १९७५ साली ट्रॅकर, १९७८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे इंडिपेंडंट. ह्या इतिहासातून आम्ही एकच बोध घेतो. १९६५ च्या निर्बंधांनी एकही ट्रक सुधारला नाही. तो सुधारला तो मोडलेले तुकडे हातात घेऊन ते का मोडले असा प्रश्न विचारणाऱ्या माणसांनी.

आता घडणीची पारख. ती अगोदर आजोबांनी आम्हांस शिकविली, आणि मग आम्ही विद्यार्थ्यांना. दुकानात पाच मिनिटांत होण्याजोगी ती आहे. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी करावी.

प्रथम बैठक पाहावी. खेळण्यांच्या दुकानांतील कित्येक बोर्डांची बैठक प्लास्टिकची असून तिला चंदेरी रंग दिलेला असतो. नखाने कोपरा खरवडावा. बोट लावून गारवा पाहावा. बैठक व हँगर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आणि आस व किंगपिन पोलादाचे, असे चांगल्या ट्रकचे अंग असते. धातू असला तरी ओतकाम निरखावे. बारीक छिद्रे, दोन साच्यांच्या सांध्यावर राहिलेली जाड कड, बोल्टांच्या भोकांजवळ चीर, ह्यांपैकी काही दिसले की तो ट्रक खाली ठेवावा. रंगाचा जाड थर असेल तर संशय अधिकच धरावा. रंगाखाली काय झाकले आहे ते आपणांस ठाऊक नसते.

दुसरे म्हणजे आस. त्याची जाडी बहुधा ८ मिलिमीटर असते, कारण चाकांत बसणाऱ्या बेअरिंगचे भोक तेवढेच असते. आसाचे एक टोक अंगठ्याने जोराने दाबावे. तो हँगरमध्ये इकडेतिकडे सरकत असेल, तर चाक कधी घट्ट तर कधी सैल होत राहील. दोन्ही टोके हँगरबाहेर सारखी आली आहेत काय, हे मोजपट्टीने पाहावे. मग दोन्ही ट्रक शेजारी शेजारी उभे करून त्यांची उंची ताडून पाहावी. जुळ्या भावांत फरक दिसता कामा नये.

तिसरे आटे. नट पाना न लावता बोटांनी पहिल्या आट्यांवर सहज चढला पाहिजे. पुढे तो जड जातो हे योग्यच. सुटू नये म्हणून त्याच्या आत नायलॉनची कडी बसविलेली असते. पण आरंभीच तो वाकडा बसत असेल, तर आटे नीट पाडलेले नाहीत असे समजावे.

चौथे, सांधा. बैठक एका हाताने घट्ट धरून हँगर दुसऱ्या हाताने वर-खाली हलवावा. वाटीत खडखड होता कामा नये. वळविताना कुईकुई आवाज येत असेल तर त्याला भिण्याचे कारण नाही. वाटीत साबणाचा थोडा कीस टाकला की तो बहुधा थांबतो. कुरकुर आणि खडखड ह्यांतील भेद ज्याला कळला, त्याने निम्मी विद्या मिळविली.

पाचवे, बुश. नखाने दाबताच खळी पडून ती तशीच राहते, किंवा मुळीच पडत नाही, असे दोन्ही प्रकार वाईट. हँगर एका बाजूस दाबून सोडावा. तो आपण होऊन बरोबर मध्यावर परत आला पाहिजे.

शेवटी, बोर्ड संपूर्ण जोडलेला असेल तर तो सपाट फरशीवर हलकेच ढकलून द्यावा. तो एकीकडे वळत जातो असे दिसले, तर लगेच ट्रकला दोष देऊ नये. जसा तराजू खरा की खोटा हे पाहण्यासाठी पारडी बदलतात, तसा बोर्ड फिरवून, त्याचे तोंड विरुद्ध दिशेस करून ढकलून पाहावा. दोन्ही वेळा तो खोलीच्या एकाच भिंतीकडे गेला तर फरशीला उतार आहे. दोन्ही वेळा आपल्याच एका अंगाकडे वळला तर दोष बोर्डात आहे.

येथवर सर्व सोपे आहे. कठीण आहे ती चालीची पारख, आणि मुलांत वाद होतात ते तिच्यावरूनच. ‘अमुक कंपनीचा ट्रक मेलेला, तमुकचा जिवंत’ अशी विधाने आमच्या कानी नेहमी येत. ती कितपत खरी आहेत हे पाहण्याचे आम्ही ठरविले. मुख्याध्यापकांची परवानगी काढून एका रविवारी सकाळी शाळेबाहेरच्या सिमेंटच्या मैदानावर चार विद्यार्थी जमविले. एका माजी विद्यार्थ्याने चांगल्या घडणीच्या ट्रकांच्या दोन जोड्या दिल्या होत्या. त्यांच्यावरील नावे चिकटपट्टीने झाकून आम्ही त्यांना ‘क’ आणि ‘ख’ म्हटले. फळी तीच, चाके तीच, मैदान तेच. दोन विटा ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फेरी घ्यावयाची आणि आपले मत कोणाशी न बोलता कागदावर लिहावयाचे.

चौतीस किलो वजनाच्या मुलीने लिहिले, ‘क वळतच नाही, ख सुरेख.’ अडुसष्ट किलो वजनाच्या मुलाने लिहिले, ‘ख डळमळतो, क भरवशाचा.’ उरलेल्या दोघांपैकी एकाने ‘क’ पसंत केला, एकाने ‘ख’. मग आजोबांनी, जे ‘सहज बघायला’ म्हणून आले होते, विद्यार्थ्यांकडे पाठ करून दोन्ही जोड्यांचे बुश अदलाबदल केले. बुशचा कठीणपणा आकड्याने दाखवितात. साधारणतः ऐंशीच्या अलीकडून शंभरापर्यंत हे आकडे जातात, आणि आकडा जितका मोठा तितका बुश कठीण. ‘क’चे बुश ९६ चे होते आणि ‘ख’चे ८५ चे. पुन्हा फेऱ्या झाल्या. चारांपैकी तिघांची मते साफ उलटली! ज्या ट्रकला मघाशी मेलेला म्हटले होते, तोच आता जिवंत ठरला. ज्याला ती मंडळी ट्रकचा स्वभाव म्हणत होती, तो हँगरमधील दोन कड्यांचा होता, आणि त्या कड्या तर वेगळ्या विकतही मिळतात.

चौथा विद्यार्थी चारांत सर्वांत सरावलेला. त्याने मात्र लिहिले, ‘बुश बदलले असावेत. तरीही ख वळणाच्या आरंभी थोडा अधिक चपळ आहे.’ आम्ही मापे घेतली तेव्हा दोन्ही जोड्यांत हँगर ज्या कोनात फिरतो तो कोन निराळा निघाला. तेव्हा सर्वच ट्रक सारखे आणि फरक केवळ मनाचा, असेही कोणी समजू नये. कोन, उंची, रुंदी ह्यांनी चाल खरोखरच बदलते. उंच ट्रक अधिक कलू देतो. ठेंगणा ट्रक स्थिर वाटतो, पण त्याच्यावर मोठी चाके चढविली तर वळणात चाक फळीला घासते, बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि स्वार पुढे फेकला जातो. बोर्डावरचे कित्येक वाईट अपघात ह्याच कारणाने होतात. ट्रक आणि फळी ह्यांच्यामध्ये रबराची पातळ पट्टी घालून ते टाळता येतात. आसाची एकूण लांबी फळीच्या रुंदीइतकी, फार तर पाव इंच कमीअधिक असावी. ट्रकवरचा आकडा मोठा म्हणून तो ट्रक श्रेष्ठ, असा समज आम्हांस मुलांत आढळला. तो चुकीचा आहे. इंडिपेंडंट ट्रकवरचा १३९ हा आकडा हँगरची रुंदी मिलिमीटरांत सांगतो आणि तो ट्रक ८ इंची फळीसाठी असतो. १४९ हा साडेआठ इंचीसाठी. हे पायताणाचे माप आहे, परीक्षेचे गुण नव्हेत.

ह्या अनुभवावरून चाल पारखणाऱ्यास आम्ही चार नियम सुचवितो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ट्रक, चाके आणि फळी एकदम बदलून कोणाच्या पदरी निदान पडत नाही. किंगपिनचा नट एका वेळी अर्धा फेराच फिरवावा, आणि किती फिरविला ते वहीत लिहावे. नवे बुश पहिल्या दिवशी ताठर असतात. निदान आठवडाभर चालविल्याखेरीज मत देऊ नये. आणि ‘चांगला’ असा शब्द न वापरता काय घडले ते सांगावे. किती जागेत वळला? वळणातून आपण होऊन सरळ झाला की ओढावा लागला? हलक्या उतारावर वेग येताच थरथरला काय? नट फार सैल असेल तर वेगात बोर्ड डावी-उजवीकडे लटपटू लागतो; फार घट्ट असेल तर तो वळणारच नाही, आणि समोर भिंत आली की स्वाराला उडी मारण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ह्या दोहोंच्या मधली जागा प्रत्येकाची वेगळी. ती दुसऱ्याला सांगता येत नाही, विकत घेता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, हे सारे श्रीमंतांचे चोचले. सामान्य घरच्या मुलाने काय करावे? ह्याचे उत्तर आम्हांस सोपे वाटते. चांगल्या घडणीचा ट्रक वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून नवा वाईट घेण्यापेक्षा जुना चांगला घ्यावा, वर सांगितल्याप्रमाणे तपासावा, आणि त्याचे बुश व वाट्या तेवढ्या बदलाव्या. त्या ट्रकच्या मानाने स्वस्त असतात. जेवढा पैसा हाती आहे त्यातून आधी शिरस्त्राण, मग ट्रक, मग चाके, आणि शेवटी वाघाचे चित्र. हा क्रम पाळला तर कित्येक मनगटे वाचतील.

दुसरा आक्षेप असा की मुलींच्या जातीला हे कशाला. तो आक्षेप आमच्यापुढे स्पष्ट शब्दांत कोणी घेतला नाही. पण त्या विद्यार्थिनीच्या घरी तो तीन दिवस घोळत होता हे आम्हांस ठाऊक आहे. टोकियोच्या ऑलिंपिक स्पर्धांत, ज्या २०२१ साली झाल्या, हा खेळ प्रथमच खेळला गेला. तेथे महिलांच्या एका प्रकारात सुवर्णपदक जपानच्या मोमिजी निशिया हिने आणि रौप्यपदक ब्राझीलच्या रायसा लिआल हिने मिळविले. दोघीही तेरा वर्षांच्या, म्हणजे आमच्या आठवीतल्या मुलींच्या वयाच्या. आपल्याच गुजरातेत २०२२ साली भरलेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक जिंकले. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे खेडे आहे. तेथे २०१५ साली स्केटबोर्डासाठी पटांगण बांधले गेले, आणि तेथील नियम दोनच: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुलींना प्रथम संधी. आम्हांस ह्याहून अधिक काही सांगावयाचे नाही.

आता आमच्या शाळेने काय करावे, ह्याविषयी. मनाई उठवावी असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु मोकळे रान द्यावे असे नाही. शाळेने सर्वांसाठी मिळून दोन चांगले बोर्ड घ्यावे. घरून आणलेला प्रत्येक बोर्ड पटांगणात उतरण्यापूर्वी तपासला जावा, आणि ती तपासणी दहावीच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली करावी. शिरस्त्राणावाचून कोणी बोर्डावर चढू नये. कार्यानुभवाच्या तासाला वर्षातून दोनदा तरी ट्रक सुटा करून पुन्हा जोडावा. मल्लखांबावर चढणारा तो पक्का रोवलेला आहे की नाही हे आधी हाताने हलवून पाहतो. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या ह्या शहरात ते कोणास शिकवावे लागत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली ह्याच बडोद्यात कलाभवन स्थापिले, ते मुलांचे हात आणि डोळे एकत्र काम करू लागावे म्हणून. लाकूड, लोखंड, सूत, रंग ह्यांची पारख करणारी पिढी तेथे घडली. त्याच गावातील मुलाने केवळ झाकणावरचे चित्र पाहून वस्तू निवडावी, आणि ती मोडली की वडिलांनी खेळालाच शिक्षा द्यावी, हे आम्हांस शोभत नाही.

हा अंक छापावयास जाईपर्यंत मनाई उठलेली नाही. मुख्याध्यापकांनी आमचे निवेदन शालासमितीपुढे ठेवण्याचे मान्य केले आहे. पालकांनीही आपले मत शाळेस कळवावे, अशी आमची त्यांना विनंती आहे.

त्या विद्यार्थिनीचे मनगट आता बरे आहे. वाघाच्या चित्राची फळी शाबूत होती. तिच्याखाली आजोबांनी स्वतः निवडून नवे ट्रक बसविले. दुकानात त्यांनी पाच जोड्या सोडवून पाहिल्या आणि दुकानदाराला घाम फोडला, असे ऐकतो. गेल्या रविवारी आम्ही त्या मैदानावर गेलो असता ती विटांभोवती फेऱ्या घेत होती आणि आजोबा पाना घेऊन कडेला उभे होते. तिसऱ्या फेरीनंतर ती त्यांच्यापाशी येऊन म्हणाली, “आजोबा, पुढचा नट अर्धा फेरा सैल करा ना.” आजोबांच्या मते तो होता तसा घट्टच बरा होता, आणि तसे त्यांनी आम्हांस बोलूनही दाखविले. मग ते खाली बसले, बोर्ड पालथा घेतला आणि नट अर्धा फेरा सैल केला.